ऐच्छिक शेरा

पैसे पाठवताना बँकेच्या पडद्यावर शेवटी एक छोटी चौकट येते. तिच्यावर लिहिलेलं असतं, ‘शेरा’, आणि शेजारी बारीक अक्षरांत, ‘ऐच्छिक’. शहाणी माणसं ती चौकट रिकामी सोडतात. काही जण ‘भाडं’ किंवा ‘घरखर्च’ असं काहीतरी टाकून मोकळे होतात. माझ्या मोठ्या बहिणीने, म्हणजे ताईने, माझ्याच हट्टापायी त्या चौकटीत एक पूर्ण वाक्य लिहिलं, आणि त्या वाक्याने परदेशात घर घेण्याचा आमचा साधा, सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला बेत जवळजवळ बुडवला. आता सगळं नीट झालंय, किल्ली दाराशेजारच्या खुंटीला टांगलेली आहे, म्हणून हे इतक्या शांतपणे सांगू शकतो. मधल्या सहा आठवड्यांत कुणी विचारलं असतं, तर मी फक्त पाणी मागितलं असतं.

कंपनीने मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पंपांचे आराखडे तपासायला परदेशी पाठवलं. दोन वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर हिने एक दिवस हिशेब मांडला की आपण जे भाडं भरतो तेवढ्यात कर्जाचा हप्ता बसतो. मी तिचा हिशेब तीनदा तपासला. पंपाचा आराखडा असता तर मी त्यात काहीतरी चूक काढलीच असती, पण हिच्या हिशेबात चूक काढण्याची सोय नसते.

घर मिळालं ते एका घड्याळजींचं. चार घरांच्या रांगेतलं शेवटचं, वर दोन खोल्या, खाली बैठक आणि स्वयंपाकघर, आणि जिन्याजवळ एक इतकी छोटी खोली की तिच्यात पलंग तरी राहील किंवा माणूस तरी. घड्याळजी आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त करून आता मुलीकडे राहायला निघाले होते. त्यांच्या घरात अकरा घड्याळं होती आणि अकराही एकच वेळ दाखवत होती. हे मी फक्त त्यांच्याकडेच पाहिलं. आमच्याकडे दोन आहेत आणि त्यांचं कधी पटलेलं नाही.

“बयाणा द्या,” घड्याळजी म्हणाले, “आणि सहा आठवड्यांनी शुक्रवारी चार वाजेपर्यंत बँकेचं मंजुरीचं पत्र आणून द्या. नाही आणलंत तर बयाणा माझा आणि घर दुसऱ्या गिऱ्हाइकाचं.”

“चार म्हणजे, साधारण...” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. अकरा घड्याळांनीही पाहिलं.

बयाण्यात आमची सगळी शिल्लक गेली. बँक म्हणत होती, किमतीचा पाचवा हिस्सा तुम्ही घाला, बाकीचं आम्ही देतो. त्या पाचव्या हिश्श्यातला निम्मा आमच्याकडे नव्हता. आणि इथे ताई आली.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. छत्तीस वर्षं शाळेत, त्यातली शेवटची चौदा मुख्याध्यापिका. मला आठवीत गणित तिनेच शिकवलं, म्हणजे घरी ताई आणि वर्गात बाई, आणि दोन्हीकडे एकच डोळा. तिला आम्ही फोनवर घर दाखवलं. सगळ्या खोल्या फिरवल्या. जिन्याजवळच्या छोट्या खोलीत आल्यावर ती म्हणाली, “थांब. ती खिडकी परत दाखव.” दाखवली. बाहेर एक साधं झाड होतं. “ही खिडकी माझी,” ती म्हणाली. आम्ही हसलो. मग तिने विचारलं, “किती कमी पडतायत?”

मी आकडा सांगितला नाही. हिने सांगितला.

“पाठवते,” ताई म्हणाली. “निवृत्तीचे पडून आहेत. परत वगैरे देऊ नकोस.”

आता इथे माझ्या स्वाभिमानाबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. मी कुणाचा मिंधा नाही, हे वाक्य मी वर्षातून साधारण चार वेळा उच्चारतो. कचेरीत कुणी चहा पाजला तर दुसऱ्या दिवशी मी पाजतो आणि तेव्हाच मला झोप लागते. बहिणीच्या पैशावर घर घेतलं असं उद्या कुणी म्हणालं असतं तर? कोण म्हणणार होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. पण म्हणालं असतं तर?

“ताई, घेईन तर उसने घेईन,” मी बाणेदारपणे म्हणालो. “आणि तसं स्पष्ट लिही. शेऱ्यात.”

“कशाला रे?”

“व्यवहार म्हणजे व्यवहार.”

ताईने सुस्कारा टाकला आणि लिहिलं. मुख्याध्यापिकाच ती, अर्धवट लिहिणं तिच्या स्वभावात नाही. ‘धाकट्या भावास घरासाठी उसने, सावकाश पण पूर्ण परत करणे.’ शेवटी पूर्णविरामसुद्धा दिला. मी तो शेरा हिला अभिमानाने दाखवला. ही काही बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा मी जरा सावध व्हायला हवं, हे मला लग्नाला तेवीस वर्षं होऊनही वेळेवर सुचत नाही.

आमच्या भाड्याच्या इमारतीत खालच्या मजल्यावर आपल्याच भाषेतले एक गृहस्थ राहत. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘मी इथे बारा वर्षं आहे’ असं सुरू होत असल्यामुळे आमच्या घरात त्यांना बारावर्षे असंच म्हणत. बारावर्ष्यांनी स्वतः घर घेतलेलं नव्हतं, पण घर कसं घ्यावं हे त्यांना तोंडपाठ होतं. पोहायला न उतरलेले लोक काठावरून फार चांगलं पोहतात, तसं.

“मी इथे बारा वर्षं आहे,” ते आमच्या सोफ्यावर पसरत म्हणाले, “बँकेला फार माहिती द्यायची नाही. त्यांनी विचारलं तर हसायचं.”

“हसायचं?”

“माणूस हसला की कागद सरकतो.”

मी बँकेत गेलो आणि हसलो. समोरच्या कर्जवाल्या बाईंनी विचारलं, बरं नाहीये का.

या बाई स्वभावाने अतिशय गोड. त्यांचं प्रत्येक पत्र ‘आपणांस कळवण्यास आनंद होतो की’ असं सुरू व्हायचं आणि पुढे आनंदाचं काहीही नसायचं. आपणांस कळवण्यास आनंद होतो की आपले तीन महिन्यांचे खातेउतारे अपुरे आहेत. आपणांस कळवण्यास आनंद होतो की आपल्या पगारपत्रकावरील शिक्का पुसट आहे. शिक्का ठळक करून आणला. मग त्यांनी उताऱ्यातली प्रत्येक जमा रक्कम विचारायला घेतली. दीड महिन्यापूर्वी मी घरातली व्यायामाची सायकल बारावर्ष्यांना विकली होती. पैसे पाठवताना त्यांनी शेऱ्यात ‘व्यायाम’ असं लिहिलं होतं.

“तुम्ही जोडधंदा म्हणून लोकांना व्यायाम शिकवता का?” बाईंनी विचारलं. “तसं असेल तर ते उत्पन्न दाखवावं लागेल.” मग त्यांनी टेबलावरून वाकून माझ्या पोटाकडे एकवार पाहिलं आणि स्वतःच तो प्रश्न खोडला. कर्जप्रकरणात माझ्या बाजूने झालेला तो पहिला निर्णय.

मग त्या ताईच्या रकमेपाशी आल्या. “हे काय लिहिलंय?”

मी सांगणार होतो, पण कर्ज मागणाऱ्याने केलेला अर्थ बँक धरत नाही. सरकारमान्य अनुवादक लागतो. तो शोधण्यात आठवडा गेला. अनुवादक म्हणजे एक वयस्कर, अत्यंत काटेकोर गृहस्थ. शब्दामागे पैसे घेत. नऊ शब्दांच्या शेऱ्याचा त्यांनी दीड पानी अनुवाद केला, शिवाय तळटीप.

“‘सावकाश’ शब्दाने मला जरा त्रास दिला,” ते म्हणाले. “मी ‘परतफेडीची मुदत ठरलेली नाही’ असं केलंय. तुमची हरकत?”

“छान केलंय,” मी म्हणालो. किती छान केलंय ते मला चार दिवसांनी कळलं.

आपणांस कळवण्यास आनंद होतो, बाईंनी लिहिलं, की सदर रक्कम हे कर्ज असल्याचे निष्पन्न झाले आहे. बँकेच्या संगणकाचा नियम असा की ज्या कर्जाला मुदत नाही ते बारा महिन्यांत फेडायचं असं धरायचं. तसं धरून संगणकाने हिशेब केला. त्याच्या मते मी ताईला दरमहा माझ्या पगाराच्या सव्वापट हप्ता देत होतो. म्हणजे हप्ता देऊन माझ्याकडे घरखर्चाला उणे पाव पगार उरत होता.

हिने तो कागद लांब धरून वाचला. “सध्यापेक्षा फार फरक नाही,” ती म्हणाली.

“अगं, ते कर्ज नाकारतायत!”

“नाकारणारच. तुम्हीच लिहून घेतलंत ना उसने म्हणून? ताई तर देतच होत्या.”

“मी कुणाचा मिंधा...”

“अहो, तुमचा स्वाभिमान एकदा मोजून घ्या,” ही म्हणाली. “किती चौरस फूट भरतो ते बघू. पुरत असेल तर त्यातच राहू.”

बाईंनीच एक वाट दाखवली. पैसे उसने नसून भेट आहेत, असं बहिणीने लिहून दिलं तर संगणक शांत होईल. त्यांनी नमुना दिला. तीन कलमं. एक, ही रक्कम भेट असून परत मागितली जाणार नाही. दोन, देणाऱ्याचा या घरावर कोणताही हक्क राहणार नाही. तीन, देणारा या घरात राहणार नाही. खाली सही. मी तो नमुना ताईला धाडला आणि फोन केला. दोन आठवडे उरले होते.

“तू आधी म्हणालास उसने लिही. मी लिहिलं,” ताई म्हणाली. “आता म्हणतोस भेट लिही.”

“हो.”

“म्हणजे दोन्हीतलं एक खोटं.”

“ताई, नुसती सही करायची आहे गं. मी नंतर गुपचूप परत करीनच.”

ही नंतर म्हणाली, की त्या वाक्यावर तिने शेजारी बसून कपाळावर हात मारला होता. मला तो आवाज ऐकू आला होता, पण मला वाटलं डास मारला असेल.

“गुपचूप परत करशील,” ताई सावकाश म्हणाली. “म्हणजे मी खोट्यावर सही करायची, असंच ना? धाकट्या, छत्तीस वर्षं मुलांच्या दाखल्यांवर सही केली मी. लोक यायचे, बाई जन्मतारीख एक वर्षाने पुढे करा, पोराला नोकरीत फायदा होईल. नगरसेवक यायचे. एक तारीख हलवली नाही. आता म्हातारपणी बँकेला फसवू?”

“मग खरोखरच भेट समज ना!”

“मी पहिल्या दिवसापासून तेच समजतेय. तू समजतोस का?”

“हो.”

“हा ‘हो’ मला ओळखीचा आहे,” ताई म्हणाली. “गृहपाठ केलास का विचारल्यावर यायचा.”

तरी ती म्हणाली, पत्र बघते आणि पाठवते. चार दिवसांनी तिच्याकडून कागद आला. ताईकडून कागद आला म्हणजे तो बिनचूकच असणार, ह्या चाळीस वर्षांच्या श्रद्धेने मी तो न उघडता तसाच बाईंकडे पुढे पाठवला. हसू नका. घाईत होतो.

संध्याकाळी उत्तर आलं. आपणांस कळवण्यास आनंद होतो की भेटपत्र मिळाले. परंतु त्यावर सही नाही. तसेच वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलेला आकडा कशाचा आहे, याचा खुलासा व्हावा.

मी कागद उघडला. ताईने बँकेचा नमुना तपासला होता. कोपऱ्यात ‘दहापैकी साडेपाच’. पहिल्या कलमाला अधोरेखित करून, ‘हे अजून खरे नाही.’ दुसऱ्याला, ‘वाक्यरचना बोजड.’ आणि तिसऱ्या कलमापुढे, देणारा या घरात राहणार नाही, या ओळीपुढे, काहीच लिहिलेलं नव्हतं. फक्त एक छोटं प्रश्नचिन्ह होतं. लाल.

ताई कधी प्रश्नचिन्ह काढत नसे. चूक असेल तर फुली, बरोबर असेल तर खूण. वहीत प्रश्नचिन्ह दिलेलं मी तिच्या हातून पाहिलेलं नव्हतं.

मी कागद हिच्यापुढे सरकवला. हिने पाहिलं. मग तिने फोन उचलला आणि ताईला लावला. “ताई, ते कलम त्यांचं आहे, आमचं नाही हो,” एवढंच म्हणाली. पलीकडून ताईचं बोलणं मला ऐकू आलं नाही. ऐकून झाल्यावर ही म्हणाली, “खिडकी तुमचीच आहे. मी तिथे काही ठेवणार नाहीये.”

घर हातचं जात होतं ते वेगळंच. पण बयाणा गेला असता तर मी काहीतरी करून भरून काढला असता. ते प्रश्नचिन्ह कशाने भरून काढायचं, हे मला कळेना.

बारावर्षे धावून आले. “मी इथे बारा वर्षं आहे. बँकेशी समोरासमोर बोला. पडद्यावर बहिणीला आणा. मी सोबत येतो.”

“नको,” आम्ही दोघं एकदम म्हणालो. ते आलेच.

समोरासमोर बोलायची कल्पना मात्र बाईंना आवडली. देणाऱ्याने तोंडी जबाब दिला आणि मग सही केली तर चालेल, म्हणाल्या. वेळ ठरली गुरुवार सकाळची. शुक्रवारी चार वाजता घड्याळजी.

बँकेतल्या काचेच्या खोलीत मी, ही, कर्जवाल्या बाई आणि शब्दामागे पैसे घेणारे अनुवादक असे चौघं बसलो. बारावर्ष्यांना बाईंनी काचेबाहेर बसवलं होतं. तिथून ते हाताने आम्हाला हसण्याच्या खुणा करत होते. पडद्यावर ताई आली. इस्त्रीची साडी, चष्मा, समोर कागद आणि पेन. पेन निळं आहे हे बघून माझा जीव भांड्यात पडला.

“पहिला प्रश्न,” बाई म्हणाल्या आणि अनुवादकांनी तो ताईला सांगितला. “ही रक्कम तुम्ही भावाला भेट म्हणून देताय का?”

“द्यायची माझी तयारी पहिल्यापासून आहे,” ताई म्हणाली. “घ्यायची त्याची आहे का, ते त्याला विचारा.”

अनुवादकांनी सांगितलं. बाईंनी फॉर्म उलटापालटा करून पाहिला. “घेणाऱ्याला विचारायचा प्रश्न आमच्याकडे नाही,” त्या म्हणाल्या. “घेणारे बहुतेक तयारच असतात.”

“तरी विचारा.”

बाई माझ्याकडे वळल्या. अनुवादक वळले. पडद्यातून ताई बघत होती. काचेबाहेर बारावर्षे दोन्ही हातांनी ओठ ताणून दाखवत होते. टेबलाखालून हिने माझ्या पायावर पाय दिला, आणि तो परत घेतला नाही.

“घेतो,” मी म्हणालो.

“पूर्ण वाक्यात,” ताई म्हणाली.

मी घसा साफ केला. एक्कावन्न वर्षांचा, आराखडे नापास करण्याबद्दल कचेरीत प्रसिद्ध असलेला माणूस. “ताई, तू दिलेले पैसे मी भेट म्हणून घेतो. परत देणार नाही.”

“कधीच?”

“कधीच.”

“माझ्या वाढदिवसाला पाकिटं घालून, थोडे थोडे करून?”

हुबेहूब तीच योजना माझ्या वहीत मांडलेली होती. सतरा वर्षांचं कोष्टक होतं. “नाही,” मी म्हणालो.

“हा ‘नाही’ खरा वाटतो,” ताई म्हणाली. “लिहा.”

हे सगळं अनुवादकांनी बाईंना शब्दशः सांगितलं. मी थांबलो होतो तिथे तेही थांबले. आणि खोटं कशाला सांगू, ते सांगत असताना मला एकदम हलकं वाटलं. बूट काढल्यावर वाटतं तसं. इतका वेळ ते पायात होते हेच लक्षात आलेलं नव्हतं.

“दुसरा प्रश्न. तुम्ही त्या घरात राहणार आहात का?”

“दर वर्षी तीन महिने,” ताई म्हणाली.

बाईंचं पेन थबकलं. “म्हणजे पाहुण्या म्हणून?”

“पाहुणी कशी? सख्खी बहीण आहे.”

बाईंनी मला विचारलं, हे खरं आहे का. मी ताईकडे पाहिलं. ती कागदाकडे बघत होती, आमच्याकडे नव्हे. “खरं आहे,” मी म्हणालो. “छोटी खोली तिची आहे. खिडकीची.”

काचेबाहेर बारावर्ष्यांनी डोकं धरलं, कारण मी हसलो नव्हतो.

बाईंनी मात्र शांतपणे दुसरा फॉर्म काढला. अशा वेळी भेटपत्रातलं तिसरं कलम गाळतात आणि घरात राहणाऱ्या मोठ्या माणसाकडून वेगळा फॉर्म घेतात. भावाने हप्ते थकवले आणि बँकेने घर ताब्यात घेतलं तर मी तक्रार न करता बाहेर पडेन, असं लिहून द्यायचं. म्हणजे इतके दिवस सोय होती. कुणी ताईला विचारलंच नव्हतं की तुम्ही येणार आहात का.

“याने हप्ते थकवले तर बँक येणार?” ताईने विचारलं.

“हो.”

“बँकेच्या आधी मी पोचेन. काळजी करू नका.”

अनुवादक हसले. त्या हसण्याचे त्यांनी पैसे लावले नाहीत. बाईही हसल्या. सगळं जुळलं, आणि ताई फॉर्म वाचू लागली. बोट ठेवून, ओळ न ओळ. आम्ही वाट पाहिली.

“दोननंतर चार आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“कलम एक, कलम दोन, कलम चार. तीन कुठंय?”

बाईंनी आपली प्रत पाहिली. खरंच नव्हतं. कपाटातली कोरी प्रत काढली. तिच्यातही नव्हतं. वरच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी त्यांच्या साहेबांना फोन लावला. अर्ध्या तासाने निष्पन्न झालं, की बँक गेली नऊ वर्षं तिसरं कलम नसलेल्या फॉर्मवर लोकांच्या सह्या घेत होती, आणि ते कधी कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

“अपुऱ्या कागदावर मी सही कशी करू?” ताई म्हणाली. त्यात तिचं काही चुकत नव्हतं. तेच तर दुःख होतं.

आपणांस कळवण्यास आनंद होतो, बाई तोंडी म्हणाल्या, की फॉर्म आता कायदा विभागाकडे जाईल.

शुक्रवारी मी रजा काढली. दुपारी एक वाजता कायदा विभाग जेवायला गेला होता. दोन वाजता जेवून आला होता. अडीच वाजता तिसरं कलम मुळात काय होतं यावर दोन वकिलांत मतभेद होते. ही खुर्चीत शांत बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. मी विचारलं, काय म्हणतेयस. “छोट्या खोलीत पलंग कसा बसेल ते मोजतेय,” ती म्हणाली. घर मिळणार की नाही याचा पत्ता नाही आणि ही पलंग बसवत होती. मला तेव्हा तिच्याबद्दल जे वाटलं ते मी विनोदी कथेत लिहीत नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. कायदा विभागाने निर्णय दिला होता. तिसरं कलम कधीच नव्हतं. टंकलेखकाची चूक. चारला तीन म्हणावं. सुधारलेला फॉर्म ताईकडे गेला, ताई कागद आणि पेन घेऊन बसूनच होती, सही करून फॉर्म सहा मिनिटांत परत आला. आणि मग बाईंचं पत्र आलं: आपणांस कळवण्यास आनंद होतो की आपले कर्ज मंजूर झाले आहे. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. पुढे ‘परंतु’ नव्हतं.

पत्राची प्रत घेऊन आम्ही घड्याळजींच्या दारात पोचलो तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. घड्याळजींनी पत्र घेतलं, वाचलं, आणि आम्हाला बसवलं.

“झालं ना?” मी विचारलं.

“अजून सात मिनिटं आहेत,” ते म्हणाले. “एवढं पळायची गरज नव्हती.”

बरोबर चार वाजता अकराही घड्याळं वाजली. तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

ताई तीन महिन्यांनी आली. बॅग खाली ठेवली, छोट्या खोलीत गेली, खिडकी उघडली, झाडाकडे बघितलं, मान हलवली. मग बाहेर येऊन म्हणाली, “या घरात माझा काही हक्क नाही. बँकेकडे तसं लेखी आहे. पण ते कपाट त्या भिंतीला का ठेवलंय?” मी कपाट सरकवलं. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, माझा बोलायचा अधिकार नाही, पण मसाल्याचे डबे शेगडीपासून लांब आहेत. ते जवळ आले. बारावर्षे भेटायला आले तेव्हा तिने त्यांना विचारलं, “बारा वर्षं आहात ना, मग अजून भाड्याने का?” ते त्यानंतर दोन आठवडे आले नाहीत. आले ते कर्जवाल्या बाईंचा नंबर मागायला.

ताई परत गेल्यावर चार दिवसांनी माझ्या खात्यात थोडे पैसे जमा झाले. शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘माझ्या खिडकीच्या पडद्यांसाठी. पूर्ण वाक्यात घे.’

मी सवयीने परतीचा व्यवहार उघडला. रक्कम टाकली. ताईचं नाव निवडलं. चौकट आली, शेजारी ‘ऐच्छिक’ असं लिहिलेली. आतून ही विचारत होती, काय करताय.

“काही नाही,” मी म्हणालो, आणि व्यवहार रद्द केला.

पडदे निळे आणले आहेत.